आत्याला घेऊन मसाई पठारावर

पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावरून धुक्याचा समुद्र कधी दिसेल, हे पंचगंगेच्या काठावरची माणसं आदल्या रात्रीच सांगू शकतात. माझी आत्या प्रयाग चिखलीत राहते. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती मिळून जिथं पंचगंगा होते, तिथून तिचं घर जवळच. हिवाळ्यात रात्री जेवणं झाली की मी तिला फोन करतो आणि ठरलेलं विचारतो. वारा पडलाय का? आभाळ निवळ आहे का? गोठ्याच्या पत्र्यावर दव धरलंय का? सगळ्याला ‘व्हय’ आलं की पहाटे निघायचं.

या प्रश्नांमागचं कारण सरळ आहे. आभाळ मोकळं असलं की दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता वर सोडून देते आणि झपाट्यानं गार पडते. तिच्या लगतची हवाही गार होते, त्या हवेला वाफ धरून ठेवता येत नाही आणि तिचे बारीक थेंब होतात. वर ढग असले तर ही उष्णता खालीच अडकते. वारा असला तर वरची कोरडी हवा खाली मिसळते आणि धुकं धरतच नाही. शिवाय नुसती थंडी असून भागत नाही, ओल लागते. ती आपल्याकडं भरपूर. नदीवर जागोजागी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे, पावसाळा संपल्यावर बरगे घालून अडवलेलं पाणी, दोन्ही काठांना ऊस आणि त्याला दिवसरात्र पाजलेलं पाणी. उत्तरेकडून कोरडा वारा सुटलेल्या आठवड्यात पारा खूप उतरतो, पण धुक्याचा पत्ता नसतो. ‘थंडीचा कडाका वाढला’ ही बातमी वाचून निघालेली मंडळी अशा वेळी लख्ख मोकळी दरी बघून परत येतात, आणि मला त्यांच्यासाठी खरंच वाईट वाटतं.

यंदा जानेवारीत आत्यानंच एकदा विचारलं, “रोज इचारतोस, पण तिथं वर जाऊन बगतोस तरी काय?”

“धुकं.”

“धुई बगाय येवढ्या लांब? हितं दारात हाय की.”

“वरनं बघायला चल एकदा.”

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “म्हसरांची धार कोण काढणार?” म्हणजे यायचं तिच्या मनात होतं. सुनेनं एका सकाळची धार काढायची आणि दूध डेअरीत घालायचं, हे ठरायला काही दिवस गेले. दिवस मी पौष पौर्णिमेच्या दुसऱ्या पहाटेचा धरला होता. पौर्णिमेच्या आसपास पहाटेपर्यंत चंद्र डोक्यावर असतो, वाट दिसते, आणि सूर्य उगवताना चंद्र अजून मावळतीला टेकलेला असतो. धुक्यावर दोन्हीकडून उजेड पडण्याची ही वेळ महिन्यातून एकदोन दिवसच मिळते. त्या दिवशी बाकीचंही जुळून आलं, हे आमचं भाग्य.

साडेतीनला कोल्हापुरातून निघालो. गाडी मित्राची, चालवायलाही तोच. शिवाजी पुलावर आलो तेव्हा खाली पाणी दिसत नव्हतं, पुलाचे दिवे तेवढे पिवळे गोळे होऊन लटकत होते. आंबेवाडीच्या अलीकडं धुकं इतकं दाट झालं की रस्त्याची पांढरी पट्टी धरून चालावं लागलं. गळीत हंगाम जोरात होता. उसानं भरलेल्या ट्रॅक्टरच्या दोन दोन ट्रॉल्या पुढं चाललेल्या, आणि बऱ्याच ट्रॉल्यांना मागं दिवाच नाही. या रस्त्यावर पहाटे येणाऱ्या प्रत्येकाला मी हात जोडून सांगेन की अप्पर लावू नका. थेंबांवर आपटून तो उजेड आपल्याच डोळ्यांत येतो आणि समोरची ट्रॉली दहा फुटांवर येईपर्यंत दिसत नाही. डिपर ठेवा, काच थोडी खाली घ्या, कान उघडे ठेवा. ट्रॅक्टर आधी ऐकू येतो.

चिखलीत आत्या दारात तयार उभी होती. नऊवारी, वर स्वेटर, त्यावर शाल, पायांत नातवाचे कॅनव्हासचे बूट. सातवीत शिकणारा नातूही बरोबर. फडातून कोयत्यांचा आवाज येत होता. बीडकडून आलेली ऊसतोड टोळी तिच्या शेजारच्या रानात उतरली होती आणि चार वाजल्यापासून त्यांचं काम सुरू होतं. धुक्यात माणसं दिसत नव्हती. एका पाचटाच्या खोपीपुढं चूल पेटली होती, ती दिसली. गाडीतला आकडा बारा अंश दाखवत होता.

केर्ली, केर्ले मागं पडलं. वाघबिळाच्या चढाला लागलो आणि एका वळणावर धुकं संपलं. हळूहळू विरळ होत नाही ते. गाडीचा टप बाहेर येतो, मग काच, मग एकदम सगळं आभाळ. आत्या “आगं बाई” म्हणाली आणि काच खाली करून मागं वळून बघत राहिली. चंद्रप्रकाशात रस्त्याखालचं सगळं पांढरं झालेलं. तिचं गाव त्याच्या तळाशी होतं.

पन्हाळ्याला बाजूला ठेवून आम्ही म्हाळुंग्याकडं उतरलो. आषाढात पन्हाळगड ते पावनखिंड मोहिमेला हजारो लोक चालतात ती हीच वाट. गडाच्या राजदिंडी दरवाजातून तुरुकवाडी, म्हाळुंगे, मग मसाई पठार आणि पुढं कुंभारवाडी. १६६० च्या जुलैमध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निघालेले शिवाजी महाराज आणि बाजीप्रभू याच पठारावरून विशाळगडाकडं गेले. आषाढातलं मसाईवरचं धुकं आणि पौषातलं धुकं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मात्र पावसाळी मोहीम करणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. पावसाळ्यात ढगच डोंगरावर येऊन बसलेला असतो, म्हणून वर गेलो की आपण त्याच्या पोटात शिरतो आणि दोन हातांवरचा माणूस हरवतो. हिवाळ्यात धुकं खालून, जमिनीतून तयार होतं. डोंगरमाथा त्याच्या वर मोकळा राहतो.

आता गाडी पठाराच्या बरीच जवळ जाते. तरी आम्ही ती गावातच लावली. आत्यानंच सांगितलं, “चालत जाऊया, देवीला गाडीतनं काय जायाचं?” पाच वाजून गेले होते. चढाची वाट दगडांची, मधून जांभ्याचे टप्पे, कडेला वाळलेलं गवत दवानं निथळत होतं. ओल्या जांभ्यावर पाय सरकतो, म्हणून आत्याला मधे ठेवलं. मित्र बॅटरी घेऊन पुढं, मी मागं. बोलत बोलत चाललो होतो, तेही मुद्दाम. या भागात गवे फिरतात. माणसाची चाहूल लागली की गवा आपणहून बाजूला होतो, अवचित समोर आलो तर मात्र बिथरतो. अंधारात इथं एकट्यानं आणि कानांत गाणी घालून चालू नये. एका ठिकाणी चिखलात खुरांचे ताजे ठसे दिसले. आत्यानं वाकून बघितलं आणि “मोट्टा हाय” एवढंच म्हणाली.

आत्या सहासष्ट वर्षांची आहे. थांबली ती एकदाच, तेही धाप लागली म्हणून नव्हे. तिनं शाल काढून नातवाच्या हातात दिली. “वर गारठा कमी कसा रं?” तिचं म्हणणं खरं होतं. मित्राच्या मनगटावरच्या घड्याळात सोळा अंश होते, खाली गाडीत बारा होते. एरवी जितकं वर जावं तितकं गार. अशा स्थिर रात्री उलटं होतं. गार हवा जड असते, ती उतारावरून ओघळत खोलगट भागात जाऊन साचते आणि तिच्यावर उबदार हवेचा थर बसतो. खालची हवा त्या थराच्या वर जाऊ शकत नाही. धुकं तिथं अडतं, म्हणून तर त्याचा माथा इतका सपाट असतो. मी हे सांगत होतो आणि ती चालता चालता ऐकत होती. “म्हंजी पाण्यावाणीच की,” ती म्हणाली. “सखल असंल तिकडं जाणार.”

पठारावर पोचलो तेव्हा सहा वाजले होते. मसाई पहिल्यांदा बघणारा माणूस तिथं गप्प होतो. डोंगर चढून आल्यावर शिखर लागेल असं वाटतं आणि समोर नजर पोचेपर्यंत सपाटी. चंद्रप्रकाशात वाळलेलं गवत फिकट पिवळं, अधूनमधून जांभ्याचे काळे तुकडे, आणि लांब कुठंतरी टिटवी ओरडत होती. आत्या आधी मसाई देवीच्या देवळाकडं वळली. तिनं दारात डोकं टेकलं, पिशवीतून नारळ काढला, फोडला, खोबऱ्याचे तुकडे आम्हा सगळ्यांच्या हातावर ठेवले. मग आम्ही दक्षिणेच्या कडेला, कासारीच्या खोऱ्यावर जाऊन बसलो. कडेपासून चांगले आठ-दहा पावलं मागं. दवानं भिजलेलं गवत तिथं थेट कड्यावरून खाली झुकलेलं असतं आणि खाली जमीन आहे की नाही ते कळत नाही.

बहुतेक लोक सूर्योदयासाठी येतात. मला त्याच्या आधीचा पाऊण तास जास्त मोलाचा वाटतो. जानेवारीत आपल्याकडं सूर्य सात वाजून पाच-सात मिनिटांनी उगवतो. वर्षातला सर्वात उशिराचा सूर्योदय आपल्याकडं डिसेंबरात होत नाही, तो जानेवारीच्या मध्यानंतर येतो. म्हणजे सव्वासहाला जागेवर असलं की पुरे. उजेडाला आधी रंग नसतो. मग पूर्वेला पन्हाळा आणि पावनगड काळे उमटतात, त्यांच्या उजवीकडं जोतिबाचा डोंगर. त्या दिवशी तिघेही पाण्यात उभ्या असलेल्या बेटांसारखे दिसत होते आणि त्यांच्यामध्ये सगळीकडं पांढरं. जोतिबा ओळखता आला तशी आत्यानं हात जोडले, “चांगभलं.” नातवानंही तिच्यामागून म्हटलं.

खालून आवाज मात्र स्पष्ट येत होते. कुठल्या तरी गावातली काकडआरती, एक बांग, कुत्री, मग साखर कारखान्याचा भोंगा. आसुर्ले-पोर्लेच्या बाजूला कारखान्याच्या चिमणीचा धूर धुक्यातून सरळ वर आला होता आणि एका उंचीवर जाऊन एकदम आडवा पसरला होता. उबदार हवेचा तो थर डोळ्यांनी बघायचा तर अशा धुरात बघावा. नातवाला तो दाखवला. शाळेत तापमानाचा धडा झाला होता म्हणे, पण असं काही दिसतं हे त्याला माहीत नव्हतं.

आत्या बराच वेळ काही बोलली नव्हती. ती आग्नेयेकडं, खोरं जिथं रुंद होत जातं तिकडं बघत होती. मला वाटलं ती गाव शोधतेय. मग तिनं हात लांब करून बोटानं हवेत रेघ ओढली.

“ही कासारी. ती तिकडनं येती ती कुंभी. तिच्या पल्याड भोगावती. आणि हितं आमी.”

मी बघितलं. मला आजवर तिथं एकसंध पांढरा समुद्र दिसत आला होता. त्याला हात-पाय आहेत, प्रत्येक नदीच्या खोऱ्यातून त्याचा एकेक फाटा वर गेलाय आणि ते सगळे फाटे प्रयागापाशी येऊन मिळतात, हे तिनं बोट फिरवल्यावर दिसलं.

“पानी असंच येतं,” ती म्हणाली. “आदी वड्यातनं. मग रानातनं. मग दारात. त्या साली वरनं बगितलं असतं तर असंच दिसलं असतं.”

‘त्या साली’ म्हणजे २०१९. पंचगंगेची इशारा पातळी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट, धोका पातळी ४३. त्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. चिखली आणि आंबेवाडी ही दोन गावं दर मोठ्या पुरात आधी बुडतात. आत्यानं तेव्हा म्हशींची दावी कापून त्या सोनतळीला नेल्या होत्या आणि दोन वर्षांनी, २०२१ च्या जुलैमध्ये, पुन्हा तेच. पहाटेच्या त्या उजेडात सोनतळीच्या बाजूला दिव्यांचा एक पुंजका धुक्याच्या कडेला उघडा होता. आत्यानं तो बरोबर ओळखला. “ती बग सोनतळी. तवाबी तेवढीच वर हुती.”

गार हवा आणि पुराचं पाणी, दोन्ही जड, दोन्ही उतार शोधतात, म्हणून दोन्ही एकाच भांड्यात भरतात. मी पुराचे नकाशे बघितलेत, निळ्या रेषा बघितल्यात. पण खोऱ्याचा आकार मला त्या दिवशी कळला, आणि तो मला अशा बाईनं दाखवला जिनं हे खोरं कधी वरून बघितलेलं नव्हतं. ती पुराच्या आठवणीवरून धुकं वाचत होती. नद्यांच्या काठी पूररेषा आखणाऱ्या प्रत्येकानं हिवाळ्यात एक पहाट इथं येऊन बसावं, चिखलीच्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवून, असं मला मनापासून वाटतं.

सूर्य जोतिबाच्या उजव्या अंगाला वर आला. तेव्हा मागं वायव्येला चंद्र अजून होता, फिका. धुक्याचा माथा आधी जांभळट होता, मग गुलाबी, आणि ऊन तिरपं लागलं तशा त्याच्यावर लाटांच्या सावल्या पडल्या. हे फोटोंत सगळ्यांनी बघितलेलं असतं. फोटोत जे येत नाही ते पुढं होतं. सूर्य उगवला की धुकं कमी होईल असं वाटतं, पण पहिल्या अर्ध्या तासात ते उलट फुगतं. उन्हानं माथा हलायला लागतो, खालची हवा ढवळली जाते, थर जाड होतो. सव्वासातला सोनतळीचे दिवे गेले. पठाराखालच्या डोंगरसोंडा एकेक करून बुडायला लागल्या.

मी सगळ्यांना उठवून उत्तरेच्या, वारणेच्या बाजूच्या कडेला नेलं. चालून वीस मिनिटं लागली. ऊन पाठीवर आणि धुकं पुढ्यात, पायांच्या पातळीच्या जरा खाली, असं जमलं तर इंद्रवज्र, म्हणजे धुक्यावरच्या आपल्या सावलीभोवती रंगीत कडं, दिसू शकतं. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर कर्नल साईक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं १८३५ मध्ये ते बघून नोंदवलं, म्हणून ते तिथलंच म्हणून गाजलं. पण धुकं, कडा आणि पाठीमागं सूर्य एवढं असेल तिथं ते दिसू शकतं. आम्ही ओळीनं उभे राहिलो. आमच्या लांबुडक्या सावल्या धुक्यावर पडल्या होत्या. आठ वाजायच्या सुमाराला धुकं कड्याला भिडलं आणि नातू ओरडला, “आज्जी, माझ्या डोक्याला रंग!”

“तुझ्या कुटं? माझ्या डोस्क्याभवती हाय की.”

“न्हाई गं, माझ्याच!”

दोघांचंही खरं होतं. धुक्याच्या थेंबांवरून उजेड जिथून आला तिकडंच परत फिरतो, म्हणून ते रंगीत कडं ज्याच्या त्याच्या डोळ्यांच्या रेषेत, ज्याच्या त्याच्या डोक्याच्या सावलीभोवतीच दिसतं. शेजारी उभ्या असलेल्या माणसाची सावली दिसते, त्याचं कडं दिसत नाही. हे समजावून सांगितलं तरी आत्याचं समाधान होईना. तिनं नातवाला पुढ्यात घेतलं, त्याचं डोकं आपल्या हनुवटीखाली धरलं, आणि मग दोघांना एकाच जागी कडं दिसलं. आत निळसर, बाहेर तांबूस, त्याच्या बाहेर पुन्हा निळसर आणि परत तांबूस, फार तर तीन-चार मिनिटं. मग धुकं वर आलं आणि आम्हालाच त्यानं गिळलं.

त्या पांढऱ्यात म्हशींच्या घंटा ऐकू आल्या. धनगरवाड्यावरचे एक मामा जनावरं घेऊन आले होते. आत्यानं लगेच म्हशी पारखल्या, किती देतात, पेंड कुठली घालता, अशी चौकशी झाली. मामा म्हणाले, आता पंधरा दिवस हे गवत आहे, नंतर कोणतरी काडी लावतंय. वणव्याबद्दल बोलताना त्यांचा आवाज चढला. माझाही चढतो. जांभ्यावर इथं मातीचा थर बोटभरही नाही. पावसाळ्यानंतर फुलं येतात ती त्या बोटभर मातीत. आग लागली की बी जळतं, गाडी फिरवली की माती उकरली जाते आणि पहिल्या वळवात वाहून जाते. पठाराला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळालाय, तरी दवानं ओल्या गवतात गाड्या गोल गोल फिरवल्याच्या ताज्या चाकोऱ्या त्या सकाळीही दिसल्या. मामांनी त्या आम्हाला नेऊन दाखवल्या. ज्यांना सूर्योदय बघायचाय त्यांनी अर्धा-पाऊण तास चालावं. पासष्टीच्या पुढची बाई चालते.

उतरताना ऊन चांगलं लागायला लागलं होतं. म्हाळुंग्यात एका घरी भाकरी, खर्डा आणि दही मिळालं. त्या घरच्या मावशींनी आंब्याचा मोहर दाखवला. धुकं आणि ढगाळ हवा फार दिवस राहिली की मोहर काळा पडून गळतो, त्यामुळं त्यांना आमच्या समुद्राचं फारसं कौतुक नव्हतं आणि ते योग्यच होतं.

परतीला केर्लीच्या उतारावर दहाच्या सुमारास धुक्याचे शेवटचे तुकडे उसावरून उठत होते. चिखलीत टोळीची पहिली ट्रॉली भरून झाली होती. आत्या गाडीतून उतरायच्या आधीच पुढच्या पौर्णिमेची नावं सांगायला लागली. थोरली जाऊ, शेजारची काकी, आणि आंबेवाडीच्या तिच्या नणंदबाई, ज्यांचं घर २०१९ ला पडलं होतं.

“गाडीत पाचच बसतात गं,” मी म्हणालो.

“मग दुसरी गाडी सांग की,” आत्या म्हणाली. “आणि नणंदबाईंचं गुडगं दुकत्यात, जरा लवकर निगूया.”